डाव्या सरहद्दीवरील सरपटी चेंडूंचे वर्तमान

श्रीभूमाता समर्थ. जी सर्वांचे वजन सोसते, जिचे अंगावर खडा असेल तेथे चेंडू उसळतो आणि गवत असेल तेथे चेंडू निजतो, तिला आधी हात लावून मग हा मजकूर लिहावयास घेतला आहे. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, आश्विन मास. संवत्सराचे नाव जैसे तैसाच त्याचा स्वभाव, त्या साली कोणाचे जिवास स्वस्थता म्हणोन नव्हती. ज्या राज्यात हे घडले त्याचे नाव लिहीत नाही, कारण एकाचे लिहिले म्हणजे शेजारचे राज्य रुसते. इतकेच की गावाबाहेर पाण्याच्या टाकीखाली त्याचा विस्तार, पूर्वेस शाळेची भिंत, पश्चिमेस नाला, आणि त्या मुलुखात मुलींची एक फौज सॉफ्टबॉल म्हणोन जो खेळ आहे तो खेळत असे. त्या राज्याची रचना ऐशी की आतील मुलुखात चार ठाणी, चौथ्याचे नाव घर. शत्रूकडील मुलगी दांड्याने चेंडू मारून निघते आणि एकामागून एक ठाणी शिवत घरी पोचली की एक धाव त्यांचे पदरी पडते. मध्ये आपली गोलंदाज, ठाण्याठाण्यावर आपली एकेक मुलगी, तो मुलूख गजबजलेला. परंतु त्याचे पलीकडे गवताळ सरहद्द, तेथे तीन मुली, डावीकडे एक, मध्ये एक, उजवीकडे एक, आणि त्यांचे पाठीशी कोणी नाही. क्रिकेटात दोरी असते, चेंडू दोरीपार गेला की चार धावा लिहून सर्व मोकळे होतात. येथे दोरी नाही. येथे चेंडू मागे गेला की तोही पळत असतो आणि शत्रूही पळत असतो, आणि आपली मुलगी पाठमोरी त्याचे मागे एकटी धावत असते, तो देखावा ज्याने पाहिला त्यास घास गोड लागत नाही.

या फौजेच्या शिकवणाऱ्या केतकीबाईसाहेब. वय लहान, पूर्वी स्वतः मधली सरहद्द राखून नाव केलेले, मग लग्न जाहले, मग कन्या जाहली, तिचे नाव रेवा, आणि रेवा मान धरू लागली तैशा बाई पुन्हा मैदानी दाखल जाहल्या. मुली त्यांस ताई म्हणत. बाईंचा नेम ऐसा की आधी सर्व फौजेने वाकोन मैदानातील खडे वेचावे आणि मग सराव, आणि सरावात आधी सरपटी चेंडू आणि मग दुसरे सर्व. मुली कुरकुरत की ताई, उंच मारा ना, झेलायला मजा येते, त्यास बाई म्हणत, "उंच चेंडूला टाळ्या असतात. सरपटी चेंडू उंदरासारखा जातो, घरात शिरल्यावरच कळतं." आणि मुलगी उभी राहोन चेंडूची वाट पाहू लागली तर म्हणत, "वाट बघायला तो पाहुणा आहे का? तू निघ ना." दोन रीती त्यांणी घालोन दिल्या. पहिली धावती झडप, म्हणजे शत्रूची मुलगी घराकडे सुटली आहे आणि श्वास घ्यावयास फुरसत नाही, तेव्हा पळतच जावे, पायाचे बाहेरून हातमोज्यात चेंडू उचलावा, एक उडी घेऊन फेकावा, साधले तर वाहवा आणि चुकले तर सर्वस्व गेले. दुसरी बैठी आड, म्हणजे काही जाहले तरी चेंडू मागे जाता कामा नये, तेव्हा चेंडूचे वाटेत जाऊन उजवा गुडघा भुईस टेकावा, नडगी आडवी घालावी, हातमोज्याचे तोंड मातीस लावून उघडावे आणि छाती वर धरावी. हातमोज्यात आला तर उत्तम, खड्यावर उसळला तर छातीस लागावा, तेथूनही निसटला तर नडगीस लागावा, परंतु थांबावा. आणि चेंडू शेजारणीकडे गेला म्हणजे आपण सुटलो ऐसे मानू नये, तिचे पाठीमागे धावत जावे, दहा वेळा फुकट धावणे होईल, अकराव्या वेळी कोणाची लाज राहील. हे सर्व बाई आधी हाताने चेंडू लोळवून शिकवीत, मग दांड्याने, आणि मग ज्या कोपऱ्यात खडे मुद्दाम ठेविले होते त्या कोपऱ्यात.

डाव्या सरहद्दीवर जागृती इंगोले. दहावीचे वर्ष, अंगाने काटक, आणि धावली म्हणजे वेण्या मागे राहतात ऐसा वेग. बैठी आड तिच्याइतकी कोणास साधत नसे, तिजकडे चेंडू गेला की आतील मुलुखातील मुली मान वळवून पाहतही नसत. मधल्या सरहद्दीवर मुस्कान तडवी, तिची जिवाची मैत्रीण, उंच आणि तोंडाळ; दोघींचा डबा एक, भांडण रोज, अबोला मधल्या सुट्टीपर्यंत. आता या राज्यात खंडेनवमीस शस्त्रपूजा करण्याचा परिपाठ होता. तलवारी नाहीत, म्हणोन सतरंजी अंथरोन तीवर दांडे, हातमोजे, तोंड राखावयाचे जाळीचे मुखवटे आणि चेंडू मांडीत, मुस्कानच्या मामाचे वावरातील झेंडू येत, आणि पूजा दरसाल वेगळ्या मुलीकडे. त्या साली पाळी जागृतीची. ती केस धुवोन आली, घरून पाट आणि निरांजन आणिले, आणि एकेका चेंडूस हळद आणि कुंकू इतक्या मनोभावे लाविले की शिवणीत कुंकू बसले ते पुढे निघाले नाही. मुस्कानने नारळ फोडिला, तो एका फटक्यात फुटला, सर्वांनी शुभ मानोन खोबरे खाल्ले. मग दसरा जाहला, सोने वाटले, आणि मग सराव पुन्हा सुरू जाहला, आणि त्याच दिवशी डाव्या सरहद्दीस भगदाड पडले.

पहिला सरपटी चेंडू आला, जागृती नेहमीप्रमाणे पुढे गेली, वाटेत बरोबर पोचली, वाकली, आणि ऐन वेळी पाय आखडून घेतला, आणि चेंडू त्या मोकळ्या जागेतून निघोन थेट नाल्यात. ती नाल्यात उतरली, चेंडू आणिला, नळाखाली धुतला, आपल्या रुमालाने पुसला आणि आत फेकला. दुसरा आला, तोही गेला. तिसरा घोट्यास लागून थांबला, तेव्हा तिचा हात आधी छातीकडे गेला आणि मग चेंडू उचलला, तोवर धावणारी दोन ठाणी पार. बाईंस वाटले धाप लागते. मुस्कान मधून ओरडली, "काऊन वं, रस्ता देऊन रायली त्याले? ट्रॅफिक पोलीस हायेस का तू?" आणि सर्व फौज हसली आणि जागृती हसली नाही. मग आठ दिवस हेच. बाईंनी नाना तजविजी केल्या. डोळे तपासविले, डोळे गरुडाचे निघाले. बूट बदलविले. धाप लागते म्हणोन लोहाच्या गोळ्या आणि बीट खावयास सांगितले, त्याने जीभ लाल जाहली आणि सरहद्द उघडी ती उघडीच. मग एके दिवशी बाजूस घेऊन पुसिले की, "भीती वाटते का चेंडूची?" "नाई." "कोणी काही बोललं?" "नाई." "मग पाय का काढतेस?" त्यास तिने खाली पाहोन गवत उपटले आणि म्हणाली, "माहीत नाई ताई."

राज्याचे कारभारी ढोलेसर म्हणोन होते, संघाचे सचिव, मैदानाकाठी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसोन दरबार करीत. त्यांणी हे सर्व पाहिले आणि बाईंस बोलावून म्हणाले, "केतकी, डावीकडं दार आहे का नुसता पडदा?" बाई म्हणाल्या, "सर, थोडे दिवस द्या. पोरगी चांगली आहे." सर म्हणाले, "चांगल्या पोरींनीच जास्त सामने घालवलेत माझे. हे बघ, जिल्ह्याला तिला उतरव, मी नाही म्हणत नाही. पण एक चेंडू पायांतून गेला की ती बाहेर आणि पेंढारेंची पोरगी आत. मग माझ्यापाशी रडत येऊ नका कोणी." हे बोलणे वाऱ्याने गावात नेले आणि इंगोल्यांचे घरी पोचविले. जागृतीचे वडील बापूराव इंगोले नगरपालिकेचे पाणीखात्यात, कोणत्या वॉर्डाचे पाणी केव्हा सोडावे ते त्यांचे हाती, म्हणोन बायकांत त्यांचा मोठा दरारा. त्यांचे मनातून दहावीचे वर्षी खेळ नकोच होता, आईने रदबदली करून चालविले होते. त्यांणी जेवता जेवता हुकूम केला की, "ज्या पोरीले बाकावर बसाचं हाय तिनं घरीच बसावं. बाक घरी बी हाय. जिल्ह्याले बाहेर काढलं ना तुले, तर दुसऱ्या दिवसापासून क्लास, अन ते मैदान बंद." आई म्हणाली, "अजून काढलं कुठं?" बापूराव म्हणाले, "मी बी अजून बंद केलं कुठं?" मग जागृती भाकरी तैशीच ठेवून उठली. तिने मनात हिशेब केला की चेंडू तर जाणारच, सर्वांदेखत बाहेर काढतील, त्यापेक्षा आपणच गेलेले बरे. आणि रविवारी सकाळी संघाचा हातमोजा पिशवीत घालोन ती बाईंचे घरी चालली.

बाईंचे घरी त्या समयी रेवाचे न्हाणे चालले होते. सासूबाई लग्नास परगावी गेलेल्या, घरात दुसरे कोणी नाही, आणि बाई न्हाणीत पाटावर बसोन, दोन्ही पाय लांब पसरोन, रेवास पायांवर पालथी निजवून पाठीस तेल जिरवीत होत्या, आणि रेवा पाय झाडोन आपले राज्य गाजवीत होती. जागृती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, हा ग्लोव्ह ठेवून देते. मले नाई जमत आता." बाईंनी वर पाहिले, पिशवी पाहिली, आणि म्हणाल्या, "ठेव तिथे. पण आधी तो तांब्या घे, माझे हात तेलाचे आहेत. हळू सोड. मानेवर नको, कानात जाईल, माझ्या हाताच्या आडोशानं सोड." मग जागृतीने ओढणी खोचली आणि कोमट पाणी सोडू लागली, आणि बाईंनी रेवास उताणी वळविली, आणि रेवा पाणी अंगावर येताच तोंड उघडे टाकोन आश्चर्याने पाहू लागली, त्या वयात पाणी हे रोज नवे असते. जागृती पाहत होती आणि पाहता पाहता तिचा हात थांबला. म्हणाली, "ताई, डोकं तुमच्या पावलावर हाय तिचं." "मग कुठे ठेवू? फरशीवर?" "पाय लागून रायला ना तिले." बाई म्हणाल्या, "लागतो काय, पायांनीच तर धरलंय. आत्ता पाय काढला तर घरंगळून मोरीत जाईल. पाणी सोड, गारठेल ती." जागृतीने पाणी सोडिले नाही. तांब्या तैसाच धरोन म्हणाली, "अन चेंडू?" बाई म्हणाल्या, "चेंडूचं काय?" त्यास ती जे इतके दिवस गिळोन बसली होती ते तोंडावाटे आले की, "त्याची पूजा केली होती मी. कुंकू लावलं, नमस्कार केला. आता तो अंगावर येते अन मी त्याले नडगी आडवी घालू? मी काढत नाई पाय, ताई. आपोआप निघते."

हे ऐकोन बाईंस आधी हसू आले, ते त्यांणी ओठात धरिले, आणि मग हसू जाऊन दुसरेच काही आले. आठ दिवस डोळे तपासविले, बूट बदलविले, बीट चारिले, आणि मुलीचा पाय भक्तीने निघत होता. बाईंनी रेवाचे पोटावर हात ठेविला. मग म्हणाल्या, "रोज संध्याकाळी नाल्यात कोण उतरतं?" "मी." "काय काढायला?" "चेंडू." बाई म्हणाल्या, "पूजेचा चेंडू, त्याला मान द्यायला तू पाय बाजूला घेतेस, आणि तो जाऊन पडतो गटारात. मग धुऊन आणतेस. असला मान त्याला विचारून दिलास का?" जागृती काही बोलणार इतक्यात आत चुलीवर दूध उतू गेल्याचा वास सुटला आणि बाई म्हणाल्या, "अगं दूध. बस इथं, पाय लांब कर, धर हिला." आणि विचार करावयास अवकाश न देता तिला पाटावर बसविले आणि ओली, तेलकट, निसरडी रेवा तिचे पायांवर ठेवोन स्वतः आत धावल्या. जागृती एकटी राहिली. रेवाने अनोळखी मुख पाहिले, ओठ काढिला, मग विचार बदलला आणि जोराने कुशीस वळू लागली, आणि जागृतीचे दोन्ही हात तिचे काखेत गेले आणि नडग्या आपोआप जुळल्या, पावले उभी राहिली, आणि मूल त्या खोबणीत घट्ट बसले, हालले नाही. बाई पंचा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. जागृती मान न वर करिता म्हणाली, "लय ताकद हाय हो हिच्यात." बाई म्हणाल्या, "मग. पकडलंस ना?" याउपर त्या विषयी न्हाणीत बोलणे जाहले नाही. रेवास पंच्यात गुंडाळिले, धुरी दिली, तीट लाविली, आणि जागृती चहा पिऊन निघाली, तेव्हा पिशवी उचलली आणि पुसिले की, "ताई, आज चारलेच ना?" बाई म्हणाल्या, "चारला. खडे वेचायला लवकर ये."

लोक म्हणतील की मग सर्व सुधारले, तर तैसे नाही. समजणे एका घटकेत होते आणि पाय पायाचे मतानेच चालतात. त्या दिवशी चारला पहिला चेंडू आला आणि पाय निघालाच, आणि जागृती चिडोन स्वतःचे मांडीवर बुक्की मारती जाहली. मग बाईंनी दांडा ठेविला, तिजपासून जवळ बसल्या आणि हाताने हळू चेंडू लोळवू लागल्या, इतका हळू की मुंगीने बाजूस व्हावे, आणि तो तिचे नडगीस येऊन टेकू लागला, पुन्हा आणि पुन्हा, ढोलेसर दुरून म्हणाले की ही काय बालवाडी आहे का, त्यास बाई उत्तर न देता लोळवीत राहिल्या. मुस्कानला हकीकत कळली तेव्हा ती आधी पोट धरोन हसली, मग जागृतीचे तोंड पाहोन थांबली आणि म्हणाली, "मले सांगाचं ना येडे. नारळ तर मी फोडला होता. मंग मी त्याले दांड्यानं हाणू का नको? पाप लागलं तर मले जास्त लागन." जागृती म्हणाली, "तुले लागतच नाई काही." मुस्कान म्हणाली, "म्हणून तं सांगून रायली, माझ्या नावावर टाक." आणि तेथून ती जागृतीचे मागे उभी राहोन, चेंडू येऊ लागला की "माझ्या नावावर, माझ्या नावावर" ऐसे ओरडू लागली, आणि बाकीच्या मुलींस काही कळेना, त्याही ओरडू लागल्या. हळूहळू पाय राहू लागला. गुडघ्याची साल गेली, खपली धरली, ती पुन्हा गेली. कधी चार चेंडू थांबत आणि पाचवा जाई, आणि तो पाचवा कोणता येईल हे कोणास सांगता येईना, यामुळे सर्वांचे मनात धाकधूक. पाय लागला म्हणोन नमस्कारास छातीकडे हात जाणे मात्र सुटले नाही. बाई इतकेच म्हणाल्या, "ते कर, मी मोडत नाही. आधी फेक, मग कर. देव थांबतो, धावणारी थांबत नाही."

कार्तिक वद्य पक्षी जिल्ह्याचा सामना पडला. परक्या राज्यातील मैदान, गवत वाळोन पिवळे, खाली मुरूम, आणि खडेवेचणीस वेळ मिळाला नाही, त्यामुळे केतकीबाईंचा जीव खालीवर. रेवास सासूबाई घेऊन बसल्या. ढोलेसर खुर्ची घेऊनच आले होते. आणि तारेच्या जाळीपलीकडे सायकल टेकवून बापूराव इंगोले उभे, कोणास न सांगता आलेले, हातात पाणीखात्याची लांब चावी तैशीच. सामना सुरू जाहला आणि दुसऱ्याच डावात सरपटी चेंडू डावीकडे गेला. आतील मुलुखातील सर्व मुलींनी मान वळविली. जागृती पुढे गेली, बसली, चेंडू हातमोज्यात आला, फेकला. काही विशेष नाही, आणि बाकावर कोणी तरी मोठा श्वास सोडिला, आणि ढोलेसरांनी घसा खाकरला. मग आणखी एक गेला, तोही थांबला. परंतु जो तो पुढल्याची वाट पाहत राहिला. ऐसे करता शेवटचा डाव आला. आपली एक धाव वर. शत्रूची फलंदाजी, तीन बाद जाहल्या की डाव संपतो, त्यांतल्या दोघी बाद, आणि दुसऱ्या आणि पहिल्या ठाण्यावर त्यांच्या दोन मुली निघावयास टपलेल्या. एक घरी आली तर बरोबरी, दोन्ही आल्या तर राज्य गेले. बापूरावांनी घड्याळ पाहिले, तेलीपुऱ्याचे पाणी सोडण्याची वेळ टळत होती, तरी हालले नाहीत.

मग त्यांची धिप्पाड मुलगी दांडा घेऊन आली आणि पहिलाच चेंडू तिने भुईसरपट हाणला, तो जागृतीकडे नव्हे, मुस्कानकडे. मुस्कान धावली, नीट बसली, सर्व काही शिकविल्याप्रमाणे केले, आणि हातभर अंतरावर चेंडू मुरुमाचे खड्यावर पडोन तिचे खांद्यावरून उडोन गेला. सर्व मैदान ओरडले, मागे कोणी नाही ऐसे सर्वांस वाटले. आणि मागे जागृती होती. चेंडूस फटका बसला तेव्हाच ती निघाली होती, जी दहा वेळा फुकट धावली होती तैशीच ही अकरावी, आणि ती तिरकी धावत चेंडूचे वाटेत आली, नीट बसावयास सवड नव्हती, पळता पळताच उजवा पाय दुमडोन अंग टाकिले. चेंडू पुन्हा उसळला, हातमोजा चुकविला, आणि खाडकन नडगीवर आदळला, त्याचा आवाज जाळीपलीकडे गेला. पाय हालला नाही. चेंडू तिचे पुढे गवतात पडला. तिने तो उघड्या हाताने उचलला, एक उडी घेतली आणि आतील मुलुखातील मुलीकडे सपाट फेकला. एक धावणारी घरी पोचली होती, तिचे काही होणे नव्हते. दुसरी तिसरे ठाणे ओलांडोन निम्म्या वाटेवर, तिने चेंडू येताना पाहिला आणि मागे फिरली, आणि फिरता फिरता अंगास चेंडू लावून टिपली गेली, डाव संपला. बरोबरी. मुस्कान जेथे पडली होती तेथेच बसोन म्हणाली, "कुठून आली वं तू?" जागृती नडगी चोळीत म्हणाली, "इथंच होते." आणि मग तिचा हात छातीकडे गेला की नाही हे कोणी पाहिले नाही. ढोलेसर शेजारच्या रिकाम्या जागेस उद्देशून म्हणाले, "हं. दार आहे."

मग जादा डाव जाहला, आणि लिहिणे प्राप्त आहे की त्यात आपली धाव जाहली नाही, मग आपली गोलंदाज थकली, चार चेंडू बाहेर गेले की शत्रूची मुलगी फुकट पहिले ठाणे घेते तैशा तिघी गेल्या, चौथीचे पायास चेंडू लागला, आणि शत्रूची एक धाव बसल्या जागी घरी गेली. सरहद्दीवर चेंडू आलाच नाही, तिघी मुली ताठ उभ्या राहोन हरल्या. मुली रडल्या, मुस्कान सर्वांत मोठ्याने, आणि बाईंनी एकेकीचे डोक्यावरून हात फिरविला, पाणी दिले, जी खात नव्हती तीस दटावून केळे दिले. इतक्यात बापूराव सायकल हाती धरोन फाटकातून आत आले. जागृतीने त्यांस पाहिले आणि रडणे थांबवोन उभी राहिली, नडगीवर लिंबाएवढे टेंगूळ. बापूराव तिजकडे न पाहता बाईंस म्हणाले, "हारले ना?" बाई म्हणाल्या, "हरलो, भाऊ." "मंग आता बंद, का सराव हाय?" "सोमवारपासून आहे." बापूराव टाकीसारखे उभे राहिले. मग म्हणाले, "सुटते किती वाजता? दिवस लहान झाला, अंधार पडते. मले आणाले या लागन." जागृती म्हणाली, "मी येते ना मुस्कानसंग." त्यास म्हणाले, "तुले कोणी इचारलं? मी मॅडमले इचारून रायलो." बाई म्हणाल्या, "साडेसहाला." "साडेसहाले मोमीनपुऱ्याचं पाणी राहते," ऐसे बोलोन त्यांणी थोडा विचार केला आणि म्हणाले, "ते थांबन." मग सायकलीची मागली बैठक हाताने पुसली आणि म्हणाले, "बस. पाय सांभाळ, लागन चाकात."

येणेप्रमाणे क्रोधी संवत्सरी सामना गेला, मुलगी राहिली. पुढल्या सोमवारी डाव्या सरहद्दीवर चेंडू लोळू लागला तो आजतागायत लोळतो आहे, काही थांबतात, काही जातात. घडले तैसे लिहिले, निगुतीने लिहिण्यास सवड असती तर आणखी लिहिले असते. हे शुभ असो, आणि जिचे पाठीशी कोणी नाही तिचे मागे कोणी धावत असो.